कुसुमताईंचा बिनवायरचा प्रिंटर

मी मूळचा वायरमन. उरवड्याच्या एका कारखान्यात चौदा वर्षं वायरी ओढल्या. आमच्या तिथल्या मिस्त्रींचं एकच शास्त्र होतं: वायर धरून चालत राहायचं, फॉल्ट जातोय कुठं! त्या शास्त्रावर माझा संसार उभा राहिला. अठ्ठ्याण्णव साली कारखान्याला टाळं लागलं, तेव्हा मी कोथरूडला जाऊन, माझ्या निम्म्या वयाच्या पोरापोरींच्या मांडीला मांडी लावून कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स केला आणि पिरंगुटला खताच्या दुकानाच्या वर स्वतःचं दुकान टाकलं. पहिल्यांदा कॉम्प्युटरचं खोकं उघडलं, आत वायरीच वायरी दिसल्या आणि जिवात जीव आला. म्हटलं, हे तर आपलंच गणगोत निघालं.

दहा वर्षं बरी गेली. मग बाजारात बिनवायरचा प्रिंटर आला.

आता वायरमनने बिनवायरची वस्तू दुरुस्त करायची म्हणजे धरायचं काय आणि चालायचं कुठं? पहिला प्रिंटर दुकानात आला तेव्हा मी त्याला तीन वेळा उलटापालटा करून पाहिला. गिऱ्हाईक समोर उभं, म्हणून चेहरा मात्र डॉक्टरसारखा गंभीर ठेवला. हा चेहरा आमच्या धंद्यात स्क्रूड्रायव्हरच्या आधी लागतो.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो; ज्यांना माहीत आहे त्यांनी तेवढ्यात चहा घेऊन यावं. घरात इंटरनेटची एक छोटी पेटी असते, तिला राउटर म्हणतात. हा राउटर म्हणजे गावचा पोस्टमन. लॅपटॉपने लिहिलेलं पत्र तो प्रिंटरला नेऊन देतो. पण पोस्टमनची दोघांशीही ओळख पाहिजे, म्हणजे दोघांनाही त्याचा पासवर्ड ठाऊक पाहिजे, आणि प्रिंटरच्या दारावर घर नंबर पाहिजे. तो नंबर पोस्टमनच देतो, आणि खरी मेख इथंच आहे. लाईट गेली आणि परत आली की आमच्याकडच्या स्वस्तातल्या पेट्या मागचं सगळं विसरत आणि पुन्हा पहिल्यापासून नंबर वाटायला बसत. जो आधी हाक मारील त्याला आधीचा नंबर. लॅपटॉप बिचारा जुन्याच पत्त्यावर पत्रं टाकत राही आणि प्रिंटर शेजारीच ठणठणीत उभा असूनही कागद निघत नसे. मुळशीत तेव्हा लाईट किती वेळा जायची हे मुळशीकरांना मी काय सांगायचं!

गिऱ्हाइकंही एकेक नग भेटली. नेऱ्याचे एक दादा, जमीन विकून नवा बंगला बांधलेला, फोनवर नुसते तापले होते. "वायरलेस म्हणून घेतला, मंग ही मागची काळी दोरी कशाची वो?"

"ती लाईटची, दादा."

"मंजी फशिवलंच की मला दुकानदारानं!"

लाईट हवेतून येत नाही हे मी त्यांना अर्धा तास समजावलं. त्यांना पटेना. शेवटी पडद्यामागच्या भिंतीला भोक पाडून ती दोरी भिंतीआड घेतली. दादा लांब उभे राहून निरखून बघत म्हणाले, "हां, आता झाला वायरलेस." आणि मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

महाळुंग्याला नव्या सोसायटीत एक साहेब होते, अकोल्याकडचे, फार सज्जन. ऑफिसात बसून अमेरिकेतल्या कुठल्याशा बँकेचा कारभार चालवायचे आणि घरातला प्रिंटर तीन दिवस चालत नव्हता. "अहो, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, हार्डवेअरमध्ये नाही," हे त्यांनी मला दारातच सांगून टाकलं. मी पाहिलं तर त्यांनी प्रिंटर शेजारच्या फ्लॅटच्या राउटरला जोडून ठेवलेला. मी म्हटलं, "साहेब, प्रिंटर तुमचा आहे, पण नांदतोय शेजारच्यांकडं." वहिनी आतून एवढ्या हसल्या की साहेबांनी चहाबरोबर चिवडाही मागवला.

अशा दहाबारा लढाया जिंकल्यावर माझ्या अंगात वारं शिरलं. पंचक्रोशीत बिनवायरच्या प्रिंटरला हात घालणारा मी एकटा, असं मला वाटायला लागलं. थोडंफार खरंही होतं. त्याच गुर्मीत असताना, भातकापणीच्या दिवसांत, एका शुक्रवारी सकाळी कुसुमताईंचा फोन आला.

कुसुमताई ढमाले तालुक्यातल्या एका सरकारी कचेरीच्या आवारात टायपिंग करायच्या. स्टॅम्प विकणाऱ्या बबनरावांची तिथं एक खोली होती, तिच्या ओट्यावर ताईंचं टेबल आणि टाइपरायटर. बावीस वर्षं. कुणाची वारसनोंद, कुणाचा बांधाचा तंटा, कुणाचं रेशनकार्ड. माणूस यायचा, रडत किंवा शिव्या देत सांगायचा आणि ताई तो बोलेल तसं आधी एका कागदावर सगळं उतरवून घ्यायच्या. मग त्यातून नीट अर्ज काढायच्या. बाकीचे टायपिस्ट या दुहेरी कामाला हसायचे. ताई म्हणायच्या, "मधलं गाळलं की नेमकं त्येच कामाचं निघतंय." त्यांचा अर्ज कचेरीतून सहसा परत येत नसे, हे मात्र हसणाऱ्यांनाही मान्य होतं.

आता आवारात नवी शेड झाली होती. जागा सहा आणि टायपिस्ट नऊ. वरून हुकूम आला की ज्याच्याकडे कॉम्प्युटर आणि प्रिंटर चालू स्थितीत असेल त्यालाच जागा मिळेल. बाकीच्यांना आवारात बसता येणार नाही. सोमवारी अकराला साहेब स्वतः येऊन बघणार होते.

मी पोचलो तेव्हा ताई ओट्यावर हात मांडीत घेऊन बसल्या होत्या. समोर लॅपटॉप, आणि मागं खिडकीच्या आत, बबनरावांच्या खोलीत, प्रिंटर. प्रिंटर कोरा, बिनवायरचा. ताईंच्या भाच्याला त्याच्या कंपनीच्या सोडतीत लागलेला. लॅपटॉपही भाच्याचाच, पण तो वापरून टाकलेला. बिजागरी तुटल्यामुळे पडद्याच्या मागं दोन विटा लावलेल्या. पेनड्राइव्ह कोंबून कोंबून दोन्ही यूएसबीच्या खोबणी फुटलेल्या. म्हणजे प्रिंटर वायरने जोडायची सोयच नाही. वायरमनचा रस्ता तिथंच बंद.

"ताई, दुसरा लॅपटॉप मिळंल का कुटं?" मी विचारलं.

"मिळंल. पण मराठी ह्येच्यातच हाय." त्यांनी दाखवलं. टाइपरायटरला जिथं जे अक्षर तिथंच ते अक्षर उमटेल असं मराठी त्यात कुणीतरी कधीकाळी घालून दिलेलं होतं आणि त्याची सीडी हरवली होती. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ताईंना एकेक अक्षर शोधावं लागलं असतं. ह्याच्यावर मात्र त्यांची बोटं न बघता पळायची.

शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट, ज्याच्याकडे वर्षभरापासून कॉम्प्युटर होता, तो तिकडूनच म्हणाला, "ताई, लई वर्सं केलंत. आता घरी बसून आराम करा की."

ताईंनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, "भाऊ, सोमवारी कागद न्हाई निघाला तर मंगळवारपास्नं मी कुटं बसू, तेवढं सांगा."

मी पिशवी उघडली.

पहिली अडचण पासवर्डची. राउटर बबनरावांचा. पासवर्ड विचारल्यावर त्यांनी इकडेतिकडे बघितलं, ओट्यावरची दोन माणसं लांब घालवली आणि माझ्या कानात सांगितला. कुलदेवतेचं संपूर्ण नाव, गावासकट, तेवीस अक्षरं, इंग्रजीत. प्रिंटरला एवढासा पडदा, वर-खाली जायची दोन बटणं आणि मध्ये एक. एकेक अक्षर 'ए'पासून चढत जाऊन गाठायचं. एक चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या वेळी मी चुकलो तेव्हा बबनरावांचाही धीर सुटला आणि ते मोठमोठ्यानं एकेक अक्षर पुकारायला लागले. पासवर्ड बसला, तोवर तो अख्ख्या कचेरीला पाठ झाला होता.

प्रिंटरची ओळख झाली, पण लॅपटॉपची होईना. राउटरचं कुलूप नव्या पद्धतीचं आणि लॅपटॉपकडं किल्ली जुन्या पद्धतीची. लॅपटॉप सुधारायचा तर तो आधीच धापा टाकत होता, बंद पडला असता. म्हातारा वाकत नाही म्हटल्यावर तरण्याने वाकायचं. मी राउटरचंच कुलूप जुन्या पद्धतीचं करून टाकलं.

मग प्रिंटरची सीडी घातली. ती निम्म्यापर्यंत गेली आणि पडद्यावर म्हणाली, आता वायर जोडा. बिनवायरचा प्रिंटर आणि म्हणे वायर जोडा! वायर जोडल्याशिवाय पुढंच जाईना. सीडी काढली आणि हाताने करायला बसलो. तर लॅपटॉप विचारतो, प्रिंटर लोकल आहे की नेटवर्कचा? कुणीही शहाणा माणूस नेटवर्क म्हणेल. मीही म्हटलं. तो शोधत बसला आणि काहीच सापडेना. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दुपारचे दोन वाजले. अशा वेळी मला स्वतःशी बोलायची सवय आहे आणि ते बोलणं लिहिण्याजोगं नसतं. शेवटी डोक्यात प्रकाश पडला: नेटवर्कच्या प्रिंटरला 'लोकल' म्हणायचं, मग नवीन दार उघडायला सांगायचं आणि त्या दारावर प्रिंटरचा नंबर लिहायचा. असं का, ते करणाऱ्यालाच ठाऊक.

इतका वेळ शेजारी ताईंचा टाइपरायटर वाजत होता. मला वाटलं, कुणाचा तरी अर्ज पुरा करताहेत. एकदा मी खेकसलोसुद्धा, "ताई, ती टकटक थांबवा की जरा, डोकं उठलंय!"

"तुमी बोला भाऊ. माझं चालू द्या," ताई शांतपणे म्हणाल्या.

पहिला कागद निघाला तो नुसत्या चौकोनांचा. जुनी मराठी अक्षरं नव्या प्रिंटरला वाचता येत नव्हती. मग अक्षरं चित्रासारखी छापायची खूण केली, आणि पाचच्या सुमाराला खिडकीतून खर्र आवाज करत स्वच्छ, काळं, देखणं मराठी बाहेर आलं. बबनरावांनी कांदाभजी मागवली. शेजारचा टायपिस्ट उठून बघून गेला. माझी छाती शर्टात मावेना.

"भाऊ, सोमवारी अडला तर?" ताईंनी विचारलं.

"मी लावलेला हाय, ताई. फकस्त हात लावू नगा."

इथं माझी चूक कबूल करतो. प्रिंटरला कायमचा नंबर बांधून देता येतो. दहा मिनिटांचं काम. मला ते ठाऊक होतं. पण कंटाळा आला होता, भजी गरम होती, म्हटलं पुढच्या आठवड्यात बघू.

सोमवारी सकाळी मी उरवड्याला एका कारखान्यात होतो. साडेनऊला फोन. "भाऊ, छापत न्हाई."

ऐकताक्षणीच मला कळलं काय झालं ते. बबनराव शनिवारी खोली बंद करताना मेन स्विच खाली ओढतात. विजांच्या भीतीने आमच्याकडची निम्मी माणसं ओढतात. सोमवारी त्यांनी आधी स्वतःचा कॉम्प्युटर लावला असणार आणि प्रिंटरचा नंबर त्याने घेतला असणार. दोन वाक्यांत ताईंना सांगता आलं असतं. पण माझ्या तोंडून काय निघालं? "हात लावू नगा, मी आलोच!"

आणि निघालो. पिरंगुटच्या वळणावर एक कंटेनर आडवा होऊन बसला होता. पुढं एसट्या, मागं ट्रक, मोटारसायकल काढायलाही वाट नाही. फोन लावावा तर रेंज नाही. साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. बावीस वर्षं तिथं बसलेली एक बाई माझ्या दहा मिनिटांच्या कंटाळ्यापायी रस्त्यावर येणार, या विचाराने माझी पाचावर धारण बसली होती. शेवटी एका शेतातून, कापलेल्या भाताच्या ओळींवरून गाडी दामटली. मालक मागून ओरडत होता, त्याला हात जोडले आणि तसाच पुढं गेलो.

अकरा वाजून गेल्यावर आवारात शिरलो. साहेब आले होते. तिसऱ्या टेबलावर होते. ताईंचं टेबल शेवटचं. मी धावत ओट्यावर चढलो आणि पिशवीची चेन ओढायला लागलो.

"बसा भाऊ. पाणी घ्या," ताई म्हणाल्या. "निघतोय कागद."

"कोण आलं होतं?"

"कोन येतंय? मीच केलं."

बबनराव मध्ये पडले. "आवो, कपाटातनं तीन कागद काढले आन् एकेका ओळीवर बोट ठेवत बसल्या. पंधरा मिंटात खर्र!"

ताईंनी ते कागद माझ्यापुढं ठेवले. टाइप केलेले. मी वाचायला लागलो आणि कानाच्या पाळ्या तापल्या. शुक्रवारी मी जे जे बडबडलो होतो ते सगळं त्यात होतं, शब्दन् शब्द. 'ह्याच्या आयला ह्याच्या, हितं नेटवर्क म्हणायचंच न्हाई, लोकल म्हणायचं. गाढवाला कोण सांगणार. चहा ठेवा तिकडं बबनराव. लाईट गेली की ह्येचा नंबर बदलणार. मंग ह्ये मधलं बटन दाबून धरायचं, पान निघंल, त्याच्यावर खालून तिसऱ्या ओळीत नंबर हाय. तो ह्या दारावर लिहायचा. बाईला सांगून काय उपेग, तिला काय जमतंय, मलाच यावं लागणार.'

"ताई," मी म्हटलं, "शेवटची ओळ तरी गाळायची."

"आमच्यात गाळत न्हाईत," ताई म्हणाल्या, आणि हसल्या. खरं सांगतो, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात साहेब ओट्यावर आले. तरणे होते, बोलायला नेमके. विटांवर टेकलेला लॅपटॉप त्यांनी बघितला. प्रिंटर कुठं दिसेना, वायरही दिसेना. "हे चालतं?"

"चालतंय साहेब. सांगा, काय काढू?"

बाकीच्यांनी आधीच काढून ठेवलेले कागद दाखवले होते. साहेबांनी क्षणभर विचार केला, हातातली फाइल उघडली आणि उभ्या उभ्या सांगायला लागले. विषय: नवीन शेडमधील जागांचे वाटप. संदर्भ, मजकूर, अटी. मुद्दाम भरभर सांगत होते. ताईंची नजर साहेबांच्या तोंडाकडे आणि बोटं खाली पळत होती. साहेब थांबले की त्याच श्वासाला बोटंही थांबत. हळूहळू गर्दी जमली. शेजारचा टायपिस्टही येऊन उभा राहिला.

"पुढीलप्रमाणे जागा देण्यात येत आहेत," साहेब म्हणाले. "अनुक्रमांक एक." मग फाइल खाली करून त्यांनी विचारलं, "तुमचं पूर्ण नाव काय?"

ताईंची बोटं थांबली. इतक्या वर्षांत हजारो माणसांची नावं त्या बोटांनी न अडखळता लिहिली होती. ताईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, पदराने बोटं पुसली आणि स्वतःच बोलत, एकेक अक्षर दाबत लिहिलं: कुसुम रामचंद्र ढमाले. मग ताठ बसल्या. "दोन नंबर सांगा, साहेब."

सहाही नावं झाली. ताईंनी शेवटची कळ दाबली. मी खिडकीकडं बघत राहिलो. ओटा आणि खिडकी यांच्यामध्ये पाच-सहा हात रिकामी हवा. धरायला काही नाही, चालायला काही नाही. दोन क्षण काहीच झालं नाही. माझा हात आपोआप पिशवीकडं गेला. आणि आतून खर्र आवाज आला.

बबनरावांनी तो कागद देवाचा प्रसाद द्यावा तसा दोन्ही हातांनी खिडकीतून बाहेर दिला. साहेबांनी वरपासून खालपर्यंत वाचला. एकही चूक नव्हती. तिथंच ताईंच्या टेबलावर कागद ठेवून त्यांनी सही केली. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली, आणि सगळ्यात जोरात मी.

ताईंनी डोळे पुसले नाहीत की काही नाही. रोज गिऱ्हाइकाला विचारायच्या त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "किती प्रती काढू, साहेब?"

"दोन पुरेत," साहेब म्हणाले.

कुसुमताईंनी तीन काढल्या.